भन्ते विनयसारांचा एकतिसावा वर्षावास

शुद्धलेखनाच्या चुका वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्यात, आणि शब्दही साधेच मिळतील, कारण लिहिणाऱ्याची शाळा नववीत सुटली. तर पिपरटोल्याच्या टेकडीवरच्या विहारातले भन्ते विनयसार भाद्रपदातल्या एका सोमवारी दुपारी वारले आणि मंगळवारी पहाटे साडेचारला, घंटा झाल्यावर, नेहमीप्रमाणे शिकवायला येऊन बसले.

सोमवारी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते रेवतनं. जेवण झाल्यावर भन्ते खांबाला टेकून बसले होते ते टेकूनच राहिले. रेवत गजभिये हा सात विद्यार्थ्यांमधला सगळ्यांत मागे बसणारा, वय बावीस, वीटभट्टीवरून आलेला. त्यानं दोनदा हाक मारली, पायाला हात लावून पाहिला, मग गावात उतरून विहार समितीचे अध्यक्ष डोंगरेसाहेब यांना घेऊन आला. आरोग्य केंद्रातले डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मृत्यूचा दाखला लिहून दिला. तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी बांधली गेली. अंत्यविधी मंगळवारी सकाळी दहा वाजता, असं फळ्यावर लिहिलं.

पहाटे भन्ते आले तेव्हा ती पट्टी तशीच होती. आसनावर बसून त्यांनी ती सोडली, घडी करून गुडघ्याशी ठेवली आणि कालचा पाठ कुठं थांबला होता ते विचारलं. रेवतला ठाऊक होतं, पण मागून बोलायची त्याला सवय नव्हती. भन्तेंनी त्याच्याकडे वळून परत विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "श्वासापाशी थांबलो होतो, भन्तेजी."

"बरं. श्वास आता आपापला बघा," भन्ते म्हणाले. "माझ्याकडं बघून काही मिळणार नाही."

आवाज पूर्वीचाच होता. फरक एवढाच की मध्ये दम घेणं थांबलं होतं, त्यामुळे लांबलचक वाक्यही एका सरळ रेषेत जाऊन संपे.

नऊ वाजता डोंगरेसाहेबांनी डॉक्टरांना परत बोलावलं. त्यांनी परत नाडी पाहिली, छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मेलेले आहेत, दाखला बरोबर आहे, असं ते म्हणाले. मग हे शिकवतात कसे, असं डोंगरेसाहेबांनी विचारलं, तर शिकवणं आरोग्य खात्याकडं येत नाही म्हणून ते आपली पेटी घेऊन टेकडी उतरून गेले.

डोंगरेसाहेब निवृत्त तलाठी. कागदावर नियम दिसल्याशिवाय त्यांनी आयुष्यात पाऊल उचललं नव्हतं. ते वही घेऊन भन्तेंसमोर बसले, वंदन केलं आणि अदबीनं विचारलं की पुढचा विचार काय आहे, कारण खाली नाल्यापलीकडं लाकडं रचून झाली आहेत.

भन्तेंनी सांगितलं की वर्षावास चालू आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूनं एका जागी राहायचं असतं. आषाढ पौर्णिमेला त्यांनी सगळ्यांसमोर अधिष्ठान केलं होतं की आश्विन पौर्णिमा उलटेपर्यंत या विहाराच्या सीमेबाहेर मुक्काम करणार नाही, आणि जो विद्यार्थी टिकेल त्याला शरीराचे नऊही पाठ दिल्याशिवाय आसन सोडणार नाही. सीमा नाल्यापर्यंत आहे. स्मशान नाल्याच्या पलीकडं आहे.

डोंगरेसाहेबांनी विचार केला. आईवडील आजारी पडले किंवा विहाराचं काही काम निघालं, तर भिक्खूला वर्षावासातही सात दिवस बाहेर जाता येतं, हे त्यांनी नम्रपणे लक्षात आणून दिलं.

"जाता येतं," भन्ते म्हणाले. "पण सातव्या दिवशी परत यावं लागतं."

डोंगरेसाहेबांनी वहीत लिहिलेली ओळ खोडली. मग दुसरा प्रश्न काढला. भिक्खूचं वय वर्षावासांवर मोजतात आणि भन्तेंचे तीस झाले होते. तर हा चालू असलेला धरायचा की नाही.

"पुरा झाला तर धरा. पाठ अपुरे राहिले, तर बसून राहू. पुढचा आषाढ येईल, त्याच्यात बघू."

"म्हणजे वर्षभर असेच, भन्तेजी?"

"अधिष्ठान मोडायला कारण पाहिजे, डोंगरेसाहेब. मरणं हे कारण मी तरी कुठं वाचलं नाही."

त्याच दिवशी समितीनं ठराव केला की अंत्यविधी आश्विन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत, किंवा नऊ पाठ पुरे होईपर्यंत, यांपैकी जे नंतर असेल तोवर पुढं ढकलण्यात येत आहे. लाकडं प्लास्टिकनं झाकून ठेवली.

जेवणाचा प्रश्न सगुणाबाईंनी सोडवला. सगुणाबाई रामटेके साठीच्या, एकट्या. भोजनदानाची पाळी कुठल्या दिवशी कुठल्या घराची हे त्या पाहत. बायकांनी त्यांना विचारलं की मेलेल्या भन्तेंना दान दिलं तर पुण्य लागतं का. सगुणाबाईंनी पात्रात भात वाढला, भन्तेंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आशीर्वाद दिला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "घेतलं ना त्यायनं? मंग झालं. खाल्लं का नाई हे पाहाचं काम आपलं नाई." भन्ते पात्र तसंच बाजूला ठेवत आणि ते रेवत जेवी.

विद्यार्थी मात्र टिकले नाहीत. एकाचा बाप मोटारसायकल घेऊन आला आणि त्याला मागे बसवून घेऊन गेला. दोघांना वासाचा त्रास झाला. एक जण पोलीस भरतीची तयारी करत होता. तो जाताना डोंगरेसाहेबांना म्हणाला की एवढं पोर्शनमध्ये नव्हतं. आठवड्याच्या आत सहाही जण गेले आणि एकटा रेवत उरला. तेव्हापासून तो पहिल्या रांगेत बसू लागला, कारण दुसरी रांगच नव्हती.

तू काहून नाही जात, असं डोंगरेसाहेबांनी त्याला विचारलं. रेवतनं खाली पाहत सांगितलं की माझं अजून शिकायचं आहे.

खरं कारण त्याला सांगता आलं नसतं. शाळेत त्याला उत्तर यायला वेळ लागायचा. मास्तर प्रश्न विचारायचे, त्याच्या ओठांवर काही येईस्तोवर "बस खाली" म्हणून पुढच्याला विचारायचे. पुढं पुढं विचारणंच बंद झालं. नववीच्या दिवाळीनंतर तो गेला नाही, आणि तो आला नाही हे शाळेत कोणाच्या लक्षात आल्याचंही त्याच्या कानावर आलं नाही. भट्टीवर तर विचारण्याचं कामच नसतं. विहारात पहिल्या आठवड्यात भन्तेंनी त्याला असंच काही विचारलं आणि त्याची नेहमीप्रमाणे वाचा बसली. भन्ते वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. उद्या परत विचारतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं. एकदा उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारणारा माणूस रेवतला आयुष्यात हा एकच भेटला होता.

नऊ पाठ म्हणजे मेलेल्या शरीराकडं पाहणं. शरीर फुगतं, रंग पालटतं, किडामुंगी आणि पाखरं त्याचा वाटा घेतात, मांस जातं, शिरा सुटतात, हाडं उघडी पडतात, अशा एकेका पायरीचा एकेक पाठ. दरवर्षी भन्ते हे पाठ एका जुन्या चित्रांच्या तक्त्यावरून देत. या वर्षी तक्ता काढायची गरज पडली नाही. रीत अशी होती: अगरबत्तीची एक काडी लावायची आणि ती संपेपर्यंत, साधारण अर्धा तास, समोरच्या शरीरावरून नजर काढायची नाही. काडी विझली की भन्ते दोन प्रश्न विचारत. काय दिसतं? आणि, तुझं? पहिल्याला जे दिसलं ते सांगायचं. दुसऱ्याला, माझंही असंच होणार, हे मनापासून सांगायचं. नजर ढळली तर प्रश्न नाहीत, पाठ दुसऱ्या दिवशी.

पहिला पाठ तिसऱ्या दिवशी झाला. भन्तेंचं पोट फुगून आलं होतं आणि चीवराची गाठ काचत होती. ती रेवतनं सैल केली. त्याची मान वर होईना. माश्या मात्र भन्तेंच्या डोळ्यांच्या कडेला ओळीनं बसल्या होत्या.

"माश्यांना माझी शरम नाही," भन्ते म्हणाले, "तुला कायची?"

तेव्हा रेवतनं मान वर केली आणि काडी संपेपर्यंत पाहिलं. हिरवा रंग, काळा रंग, नाकपुडीतून आलेलं पाणी. पहिल्या प्रश्नाला त्यानं हे सगळं सांगितलं. दुसऱ्याला बराच वेळ लागला. भन्तेंनी घाई केली नाही.

दुसऱ्या पाठाच्या वेळी खिडकीत कावळा आला. रेवत त्याला हाकलायला उठला, तर भन्तेंनी बसायला सांगितलं. पाठ त्याच्यावाचून पुरा होत नाही, असं म्हणाले. त्या दिवशी काडी संपल्यावर रेवत बाहेर जाऊन ओकला आणि परत येऊन उत्तरं दिली. भन्तेंनी ती घेतली. ओकायला मनाई नव्हती.

पावसाळी हवेत हे काम लवकर होतं. डोंगरेसाहेब रोज दाराशी येऊन, नाकाला रुमाल लावून, वहीत पाठाचा आकडा टिपत. सगुणाबाई निंबाच्या पाल्याचा धूर करत. गावातली माणसं खालच्या पायरीवरूनच वंदन करून परतत. ओठ गेल्यावरही भन्तेंचा आवाज तसाच येत राहिला, आणि प, फ, ब, म हेही नीट येत. हे कसं, ते कोणी विचारलं नाही. डॉक्टरांचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं होतं.

एकविसाव्या दिवशी सात पाठ झाले होते. डोंगरेसाहेब खूश होते. पौर्णिमेला चौदा दिवस होते, पाठ दोन उरले होते. पौर्णिमेनंतर चीवरदानाचा कार्यक्रम होता, बाहेरगावचा भिक्खू संघ येणार होता, मंडपवाल्याला सांगून झालं होतं.

आठवा पाठ असा होता की हाडं एकमेकांपासून सुटतात आणि कोणाची आहेत हे ओळखू येत नाही. भन्तेंच्या उजव्या हाताची बोटं पंजासकट मनगटापासून निखळली होती. ती त्यांनी डाव्या हातानं एका फडक्यावर मांडून आसनापुढं ठेवली आणि रेवतला काडी लावायला सांगितलं. रेवतनं पाहायला सुरुवात केली. काडी जळत आली, बोटभर उरली, आणि त्याची मान खाली गेली.

"बरं," भन्ते म्हणाले. "उद्या परत विचारतो."

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. काडी पाऊण जळेपर्यंत रेवत दगडासारखा पाही आणि शेवटच्या बोटभराला त्याची नजर खाली पडे. रोज भन्ते म्हणत की उद्या परत विचारतो, आणि रोज रेवत वंदन करून, झाडू घेऊन अंगण झाडायला जाई. आठव्या दिवशी डोंगरेसाहेब अस्वस्थ झाले. त्यांनी रेवतला पिंपळाखाली गाठून समजावलं की बाबा, अर्धा तास पाहातो तर आणखी दोन मिनिटं पाहायला तुझं काय जाते. रेवत झाडत राहिला. मग डोंगरेसाहेब आत गेले आणि भन्तेंना म्हणाले की मुलगा लाजरा आहे, पाहणं जवळजवळ झालंच आहे, तेव्हा समितीच्या वतीनं मी आठवा झाल्याची नोंद करून टाकतो, माझी सही पुरे.

"तुमच्या सहीनं माझं आसन सुटत असेल तर करा," भन्ते म्हणाले आणि डोंगरेसाहेबांनी पेन उघडल्यावर थोडा वेळ थांबून म्हणाले, "नाही सुटत."

त्रयोदशी आली. आठव्या पाठाचा बारावा दिवस. सकाळचं बसणं झालं होतं, काडी बोटभर उरली तेव्हा मान खाली गेली होती, आणि सगुणाबाई पात्र घेऊन दाराशी बसल्या होत्या. त्या रोज तिथं बसत, पण आज त्यांनी पात्र खाली ठेवलं.

"भन्तेजी, एक बोलू का जी? लहान तोंडी मोठा घास होते."

"बोला."

"हा पोट्टा काडीकडं पाहते."

रेवतनं मान आणखी खाली घातली.

"पहिले काडीकडं पाहून घेते, बोटभर उरली का नाई ते," सगुणाबाई म्हणाल्या, "आन् मंग मान पाडते. बारा दिवस पाहून राहिली मी. ह्याचे डोये थकत नाई जी, हा टाइम पाहते. माहा पोरगा शाळेत जाच्या टायमाले असाच पोट धरून बसे. घंटी झाली का चांगला." त्या उठल्या, भात वाढला, आशीर्वाद घेतला आणि जाताना रेवतच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. रागानं ठेवला की मायेनं, ते त्याला कळलं नाही.

भन्ते काही वेळ गप्प होते. त्यांना श्वास नसल्यामुळे गप्प बसले की पूर्ण गप्प बसत.

"खरं आहे का?"

"हो जी."

"का?"

रेवतला उत्तर येईना. भन्तेंनी वाट पाहिली. मग परत विचारलं.

"दोनच पाठ उरले," रेवत म्हणाला. "ते झाले का तुमी जाणार. मंग मले कोण विचारन?"

बाहेर कोणाच्या तरी बकऱ्या टेकडी चढत होत्या. त्या वर येऊन, वास घेऊन, परत वळल्या.

"माझं दुखत नाही, रेवत," भन्ते म्हणाले. "तुला वाटत असेल की दुखत नाही म्हणजे चाललंय. पण मी इथं आहे. माश्या बसतात ते मला समजतं. कावळा येतो ते समजतं. बोटं ज्या रात्री निखळली, तेव्हाचा आवाज मी ऐकला. झोप नाही. डोळे मिटायला पापणी नाही. तू बारा दिवस मला यातच ठेवलंस, का तर तुला कोणीतरी उद्या परत विचारतो म्हणावं."

रेवत रडू लागला. भन्तेंनी त्याला थांब म्हटलं नाही.

"तू एकटा नाहीस," ते म्हणाले. "घरोघर हेच करतात. ज्याच्यावर माया असते त्याला जाऊ देत नाहीत, कुजत ठेवतात आणि रोज येऊन पाया पडतात. मीही माझ्या गुरुजींना, ते गेल्यावर, अकरा वर्षं असंच मनात धरून ठेवलं. ते बोलत नव्हते, म्हणून मला उशिरा कळलं."

"मी चुकलो, भन्तेजी."

"चुकलास. उद्या काडी लाव आणि काडीकडं बघू नको."

चतुर्दशीला रेवतनं काडी आपल्या पाठीमागं लावली. किती उरली हे त्याला दिसेना. समोर फडक्यावर हाडं होती, त्यांच्यामागं भन्ते होते. बराच वेळ त्याला तो हात दिसत राहिला, चुकलेलं उत्तर ऐकून गुडघ्यावर हलकेच आपटणारा, पात्र धरणारा. त्यानं पाहणं सोडलं नाही. मग कधीतरी तो हात गेला आणि फडक्यावर लहान-मोठे पांढरे तुकडे राहिले, भट्टीवर राखेत सापडतात तसे, कोणाचेही. मागं काडी कधी विझली ते त्याला कळलं नाही. भन्तेंनी विचारलं, काय दिसतं. हाडं, तो म्हणाला. भन्तेंनी विचारलं, आणि तुझं. माझीही अशीच, तो म्हणाला. कोणी ओळखणार नाही.

भन्तेंनी आठवा पाठ झाला म्हणून सांगितलं. डोंगरेसाहेबांनी दाराशी आकडा टिपला आणि रुमालानं डोळे पुसले, मग तोच रुमाल परत नाकाला लावला.

नववा पाठ पौर्णिमेला होता. त्यात हाडांचीही माती होते आणि पाहायला काही उरत नाही. भन्तेंजवळ तर अजून बरंच उरलं होतं. डोंगरेसाहेबांनी चिंतेनं विचारलं की साहित्य नसताना पाठ कसा होणार. भन्ते म्हणाले की तक्त्यावरही नववं चित्र कोरंच होतं, छापणाऱ्यानं वेगळे पैसे घेतले नव्हते. मग त्यांनी रेवतला सांगितलं की माझ्या जागेकडं बघ, माझ्याकडं नको.

रेवतनं काडी लावली आणि पाहिलं. भन्ते तिथंच होते, काळे, उघडे, एक डोळा नसलेले. त्यांच्याखाली आसनाची सतरंजी होती, तिचा एक कोपरा उसवला होता. मागं भिंत होती, भिंतीला ओल आली होती. रेवत त्या ओलीकडं पाहत राहिला, उसवलेल्या कोपऱ्याकडं पाहत राहिला. भन्ते मध्ये होते, पण हळूहळू ते मध्ये येईनासे झाले. काडी विझली.

"काय दिसतं?"

"सतरंजी," रेवत म्हणाला. "भिंत."

"आणि तुझं?"

रेवतला वेळ लागला. भन्ते थांबले. सगुणाबाई, डोंगरेसाहेब दाराशी उभे होते. या खेपेला वेळ लागला तो उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर आलं होतं आणि ते दिल्यावर काय होणार हे त्याला माहीत होतं.

"माझ्या जागीही भिंतच," तो म्हणाला.

भन्तेंनी मान हलवली. उद्या परत विचारतो, असं ते म्हणाले नाहीत.

वर्षावास पौर्णिमेची रात्र उलटून अरुणोदय झाल्यावर सुटतो, त्याआधी नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच रेवत उठला, अंघोळ केली आणि सभागृहात जाऊन भन्तेंना धरून उठवलं. चीवराआड कोपराचं हाड हाताला लागत होतं. तो त्यांना पायरी पायरीनं टेकडीखाली घेऊन आला. नाल्याच्या अलीकडं, सीमेच्या दगडापाशी, ते दोघं उभे राहिले. पलीकडं डोंगरेसाहेब, सगुणाबाई आणि गावातली आठ-दहा माणसं होती. लाकडांवरचं प्लास्टिक काढलं होतं. उजाडलं की नाही हे भिक्खू घड्याळावर पाहत नाहीत, तळहातावरच्या रेघा दिसल्या की उजाडलं असं धरतात. भन्तेंच्या हाताला रेघा नव्हत्या.

"तुझा हात बघ," भन्ते म्हणाले.

रेवतनं हात पुढं धरला. पहिल्यांदा नुसता हात दिसला. ते उभे राहिले. नाल्याचं पाणी ऐकू येत होतं. मग एक रेघ दिसली, मग दुसरी, मग भट्टीवर भाजल्याचा डाग.

"दिसतात जी," रेवत म्हणाला.

दोघं पाण्यात उतरले. नाला गुडघाभर होता. पलीकडच्या काठावर भन्तेंचा पाय पडला आणि ते खाली आले, एखादी काठी सरकून पडावी तसे, आवाज न करता. डोंगरेसाहेबांनी घड्याळ पाहून वहीत वर्षावास एकतीस असं लिहिलं. माणसं खांदा द्यायला पुढं आली, पण हात कुठं घालावा हे कोणाला समजेना. रेवतनं ओल्या चीवरासकट सगळं गोळा करून एकट्यानं उचललं. वजन फारसं नव्हतं. लाकडांवर ठेवलं, फडक्यातली हाडं बाजूला ठेवली आणि आग दिली. लाकडं ओलसर होती, धूर फार झाला. तो धुरातून हलला नाही.

आग बसेपर्यंत उन्हं चांगली वर आली होती. माणसं एकेक करून गेली. सगुणाबाई डबा घेऊन त्याच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की आजचं भोजनदान भन्तेजीच्याच नावावर होतं, मी बदललं नाई. रेवतनं नाल्यावर जाऊन हात धुतले. नखांतलं काळं निघालं नाही. काठावर बसून त्यानं डबा उघडला. भात होता, वरण होतं, वांग्याची भाजी होती. त्याला भूक लागली होती. तो सगळं जेवला.